घंटी आणि ओलं फडकं

भांडी अजून बोलत होती त्या काळी घाटमाथ्यावर एक खाणावळ होती. गल्ल्याशेजारी पितळी घंटी टांगलेली असे. मालकाने ती वाजवली की पळी, तवा, तांब्या सगळे धावत. त्यामुळे खाणावळ आपणच चालवतो, असं घंटीला वाटे.

पाट पुसणारं फडकं दिवसभर ओलंच राही. कुजायला लागलं, तेव्हा त्याने दुपारी घटकाभर उन्हात वाळायची सुट्टी मागितली.

"फाटलंस की दुसरं आणेन," मालक म्हणाला.

ते ऐकून भांड्यांनी संघटना बांधली. "उद्यापासून कुणी हलायचं नाही," तवा म्हणाला. "घंटीबाई, तूही ये."

"मी मालकाशेजारची. मला कशाला ओढता तुमच्या भानगडीत?" घंटी फणकारली.

दुसऱ्या दिवशी मालकाने घंटी बडव बडव बडवली. ती जीव खाऊन वाजली, पण कुणी जागचं हललं नाही. घंटी एवढी वाजूनही कुणी येत नाही, हे पाहून गिऱ्हाइकं उठून जाऊ लागली, तसं मालकाने मुकाट्याने फडकं दोरीवर वाळत घातलं.

घंटीचा घसा बसला होता. "मलाही घ्या ना तुमच्यात," ती हळूच म्हणाली.

"आता काय घ्यायचं?" दोरीवरून फडकं म्हणालं. "आम्ही नुसते गप्प बसलो होतो. संपाची आरोळी तर तूच ठोकलीस, बाई!"