पालथ्या कढईचा माळ

ही जी पालथी कढई दिसते आहे ना, तिला हात लावू नका. फोटो हवे तेवढे काढा. तिच्यावर ठेवलेला धोंडा मात्र कुणी हलवत नाही. तो देवाचा म्हणून नव्हे. खाली काही नाही हे सगळ्यांना माहीत आहे आणि ते कुणालाच बघायचं नाही, म्हणून.

तुम्ही आलात तोही नेमका आजच. पेरणीआधीची अमावास्या, गावाची बैठक. म्हणून तर ज्याच्या त्याच्या उजव्या हाताला पांढरं फडकं दिसतंय. माझ्याही आहे, हे बघा. मागे एक पाहुणे विचारत होते, हे कसलं व्रत? मी म्हटलं, बसा सावलीत, सांगतो. व्रत नाही ते.

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा या माळावर जमिनीत खोल पेव होतं. त्यात गावाचं बियाणं असायचं. कुणा एकाचं नाही, सगळ्यांचं. आणि गावाचा कायदा असा होता, की पाऊस पडेपर्यंत पेवाचं झाकण उघडायचं नाही, मग घरात कुणी उपाशी का असेना. जो उघडेल त्याची चूल फोडायची आणि त्याला बायकामुलांसकट शिवेबाहेर घालवायचं. कायदा कठोर होता, पण वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्याआधीच्या दोन दुष्काळांत आसपासची गावं बी खाऊन बसली आणि ओस पडली. आमचं काटेवळण टिकलं ते या कायद्यामुळे, असं सांगतात.

चोर कोण, हे कळलं नाही तर दिव्य करायचं. या कढईत तेल-तूप उकळायचं, त्यात लोखंडाचा तुकडा टाकायचा. त्याला रवा म्हणत. ज्याच्यावर संशय त्यानं हात घालून रवा काढायचा. मग हाताला कापडी पिशवी बांधून पाटलाची मोहोर लावायची आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सोडायची. हात भाजलेला निघाला तर तो चोर, नाही तर निर्दोष. दिव्याआधी कुलकर्णी हातावरच्या जुन्या खुणा लिहून घ्यायचे, म्हणजे अन्याय नको. किती काळजी होती बघा!

तिसऱ्या दुष्काळात एका सकाळी पेवाचं झाकण सरकलेलं दिसलं. दोन पायली ज्वारी गेली होती. झाकण पहारीनं उचकटलेलं, म्हणून संशय सटवाजी लोहारावर. आणि पेवाजवळच्या बोरीच्या काट्याला सुताचा धागा अडकलेला, म्हणून नागू कोष्ट्यावर. नागू रोज याच माळावर ताणा, म्हणजे मागावर चढवायचं उभं सूत, पसरायचा. धागा तिथं नसता तरच नवल होतं. पण संशयाला एवढं पुरतं.

दोघांनीही दिव्य केलं. कुलकर्ण्यांनी सटवाजीच्या हातावर अकरा डाग लिहून घेतले, म्हणे. नागूच्या हातावर एकही नाही. विणकराचा हात तो, खरखरीत झाला तर सूत तुटतं. रोज रात्री तेल चोळून जपलेला. हात किती मऊ, किती निबर, हे लिहायचा रकाना कुलकर्ण्यांच्या कागदात नव्हता.

तिसऱ्या दिवशी पिशव्या सुटल्या. सटवाजीचा हात होता तसा. जन्मभर तापलं लोखंड हाताळलेला तळवा, त्याला कढईतला एक क्षण काय करणार? नागूचा हात सोलून निघाला होता.

नागू आपल्या हाताकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "मंग म्याच केलं आसन. झोपंत केलं आसन."

आता खरं सांगतो. मार खाल्लेला माणूस खोटं कबूल करतो हे मी पाहिलंय. पण याला कुणी बोटही लावलं नव्हतं. कायद्यावर त्याचा स्वतःपेक्षा जास्त विश्वास होता, एवढंच.

त्याची बायको भागाई त्याच्या हाताशी येऊन बसली. तेव्हा सटवाजी उठला. "पेव म्या फोडलं," तो ओरडला. "लेक बाळंत झालीया, तिचं दूध आटलं. दोन पायल्या म्या नेल्या. निम्मी आजून मडक्यात हाय. चला, दावतो."

मानकोजी पाटील त्या वेळी गावचे प्रमुख. माणूस दुष्ट नव्हता, लाच खाणारा नव्हता. ते म्हणाले, "देवानं तुला सोडलंय. तू कोण रे सोताला धरणारा?"

"पाटील, मडकं तरी बघा."

पाटलांनी कढईकडे बघितलं, असं सांगतात. मग म्हणाले, "तुझं आज खरं धरलं, तर हे दिव्य खोटं. मंग माझ्या बानं आन् आज्यानं याच कढईवरनं सतरा घरं शिवंबाहेर घातली, त्यांचं काय करू? त्यास्नी कुठनं परत बोलावू?"

बैठकीत एकही माणूस बोलला नाही. प्रत्येकाच्या वाडवडिलांनी त्या सतरांपैकी कुणाची ना कुणाची चूल फोडली होती. उलट नागूच सटवाजीला म्हणाला, "दादा, नगं. देव खोटं बोलंल व्हय?"

मडकं बघायला कुणी गेलं नाही.

त्याच दुपारी नागूची चूल फोडली. अर्धं विणलेलं कापड मागावर तसंच राहिलं. नवरा-बायको निघाली ती दक्षिणेला. पण भाजलेला उजवा हात लांबून ओळखू यायचा आणि दिव्यात हरलेल्याला दुसरं गावही पाणी देत नसे. आठव्या दिवशी ओढ्यापलीकडच्या बाभळीखाली दोघं मरून पडलेली सापडली. भागाईनं आपल्या लुगड्याचा पदर फाडून त्याच्या हाताला गुंडाळला होता.

आणि नवव्या दिवशी पाऊस आला. बियाणं पेरलं. असं पीक आलं की कणसं उचलवेनात. लोक म्हणाले, बघा, देव पावला, न्याय बरोबर झाला.

सटवाजीनं भाता बंद केला. एके दिवशी त्यानं ही कढई इथं पालथी घातली आणि वर धोंडा ठेवला. पुढच्या बैठकीत तो आला आणि ज्याचा त्याचा हात धरून तळवा चाचपू लागला. नांगरानं घट्टे पडलेल्याला म्हणायचा, "तू चोरी कर, सुटशील." कुलकर्ण्यांचा हात धरून म्हणाला, "तुमी करू नगा. केली न्हाई तरी भाजाल." एकेकाचा निकाल त्यानं असा सांगितला, आणि प्रत्येक निकाल खरा आहे हे ज्याच्या त्याच्या तळव्याला कळलं.

तेव्हा पाटलांनी हुकूम काढला. बैठकीला येताना प्रत्येकानं उजव्या हाताला फडकं बांधून यावं. कुणी कुणाचा तळवा बघू नये.

ही आमची प्रथा. पाहुण्यांना वाटतं, भागाईच्या पदराची आठवण असेल. गावानं आता तसंच सांगायला सुरुवात केली आहे. शाळेच्या भिंतीवरही तसंच रंगवलंय. तुम्ही ते वाचलं असेलच.

मी अठरा वर्षं गावचा पोलीस पाटील होतो. एका उन्हाळ्यात पाणीपुरवठ्याच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली. ती कुणाच्या गोठ्यात आहे, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. मोठं घर होतं ते. धरला गेला तो वीटभट्टीवरचा एक परका मजूर, कारण त्याची झोपडी विहिरीजवळ होती. पंचनामा झाला तो नेमका बैठकीच्या अमावास्येला. मी म्हटलं, वर्दी पोलिसांची, कागद त्यांचा, मी कोण? फडकं बांधलेल्याच हातानं सही केली. वाकडी आली, पण चालली. त्याची बायको दोन दिवस या कढईपाशी बसून होती. मी पलीकडच्या वाटेनं घरी जात होतो.

आजही पेरणीआधीच्या अमावास्येला गाव असं हात बांधून बसतं. आजही बैठकीत पहिला प्रश्न तोच असतो, कुणाला काही सांगायचंय का? आणि आजही कुणी काही सांगत नाही. संध्याकाळी घरी जाऊन मी फडकं सोडतो आणि दिव्याखाली तळवा बघतो. कागद धरून धरून मऊ झालेला हात आहे. कढईत घातला असता तर चांगला भाजला असता, आणि त्या एका वेळी निकाल बरोबर लागला असता.

चला, बैठकीची हाळी झाली. मला जायला हवं.