राणीची उचकी

एकदा काय झालं... शर्वे, आधी त्या डब्याचं झाकण लाव. ऐकू येतं मला, म्हातारी झाले तरी. जेवून तास झाला नाही आणि ही तिसरी चकली! तुझी आई कामाला परगावी गेल्यापासून त्या डब्याला उसंत नाही. असू दे, हातातली खा आणि ये इकडे. निनाद, बहिणीला जागा दे.

तर एकदा काय झालं, खाडीच्या काठी एक राणी होती. केतकावती तिचं नाव. आणि ह्या राणीला एका जागी बसवतच नव्हतं. दरबारातून गच्चीवर, गच्चीवरून बागेत, बागेतून स्वयंपाकघरात. फिरून फिरून स्वयंपाकघरातच, बरं का.

असं का? तर तिला एकुलती एक मुलगी होती, आबोली. राणीने तिच्यासाठी राजपुत्र शोधून ठेवला. पण आबोली म्हणाली, "आई, मी लग्न करीन तर पलीकडच्या काठावरच्या नावाड्याशी." झालं! राणी अशी चिडली, अशी चिडली, म्हणाली, "जा मग. आजपासून तुझं नाव माझ्या तोंडात येणार नाही. माझ्या राज्यात कुणी घेतलं तर त्याची जीभ छाटीन!"

रागात आपणही काहीबाही बोलतो. पण राणी बोलली की त्याचा हुकूम होतो. आबोली गेली, आणि बाजारात माळणींची पंचाईत झाली. आबोलीचे गजरे विकायचे कसे? त्या बिचाऱ्या ओरडायच्या, "घ्या हो, ते केशरी फूल घ्या, ज्याला वास नाही ते!" हसता काय? खरंच सांगते.

आणि आबोली गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी राणीला उचकी लागली. उचक्!

आता उचकी कशाने लागते? बरोबर. कुणीतरी आपली आठवण काढतं. मग आपण एकेकाचं नाव घ्यायचं, नेमकं नाव आलं की ती थांबते. राणीने राजाचं नाव घेतलं, चांगलं उखाण्यात घेतलं. उचक्! भावाचं घेतलं, मावशीचं घेतलं. उचक्! खरं नाव कुठलं ते राणीला ठाऊक, दासींना ठाऊक, दारावरच्या पहारेकऱ्यालाही ठाऊक. पण घेणार कोण?

मग एका दासीने घाबरून बेसनाचा लाडू पुढे केला. राणी तो खाऊ लागली आणि उचकी थांबली. राणीला वाटलं, सापडलं औषध! पण लाडू संपला मात्र, आणि उचक्! मग दुसरा लाडू. मग तिसरा.

पहिलं वर्ष लाडवांवर गेलं. दुसरं वर्ष अनारशांवर. तिसऱ्या वर्षी तर समोर येईल ते. उभ्याउभ्या खायची, दाराआड खायची, उशीखाली करंज्या ठेवायची. आचारी विचारायचा, "राणीसाहेब, कसं झालं होतं?" तर तिला आठवायचंच नाही, आत्ता आपण काय खाल्लं ते. खाल्लं की लाज वाटायची. लाज वाटली की पुन्हा खायची. सारख्या येरझारा, सारखी तोंडाची हालचाल, आणि आत नुसती तगमग.

राजवैद्य म्हणाले, "पोट थकलंय, राणीसाहेब. असंच चाललं तर पुढची दिवाळी काही खरी नाही." आणि त्यांनी मुदपाकखान्याला कुलूप घातलं. राणीने काय करावं? कुलूप तोडायला लोहार बोलावला!

मग एक दिवस ती फिरतफिरत कांडपघरात गेली. तिथे भागी कांडपीण भात कांडत होती. भागी खूप म्हातारी. वय झालं की माणसाची भीती कमी होते, माझंच बघा ना. राणी म्हणाली, "भागी, काहीतरी खायला दे. फार भूक लागलीय." भागीने आपलं फडकं सोडलं आणि कोंड्याची भाकरी पुढे केली.

"शी! ही नको. लाडू दे."

"मग तुला भूक नाही लागलेली, बाय," भागी म्हणाली. "भुकेला कोंडापण चालतो. लाडूच पाहिजे, आत्ताच पाहिजे, असं म्हणते ती भूक पोटाची नव्हे."

"मग कशाची?"

"ते तुला ठाऊक. मी बोलले तर माझी जीभ जाईल, आणि मला अजून पान खायचंय."

राणी पाय आपटत निघाली. जाताजाता तिने दासीकडून लाडू हिसकावला, तोंडाकडे नेला, आणि थबकली. उचकी कुठे गेली? तोंडात तर काही नाही. तिने वाट पाहिली. दुपार झाली, उन्हं कलली. उचकी नाही ती नाहीच.

तुम्हाला वाटेल, राणीला आनंद झाला. छे! उचकी थांबली म्हणजे आठवण काढणारं थांबलं. का थांबलं? रागावली का ती? विसरली का? की... अरे देवा. तीन वर्षं आपण जिला लाडवांनी गप्प करत होतो, ती आपली लेक होती. रोज हाक मारत होती. लाडू राणीच्या हातातून खाली पडला.

मग राणी धावत सुटली. अनवाणी, थेट खाडीवर. धक्क्यावरची माणसं बाजूला झाली. तिने तोंड उघडलं. आवाजच फुटेना. पुन्हा उघडलं. नुसतं "आ" आलं. मग तिसऱ्यांदा पोटातून, अगदी तळातून ओरडली, "आबोली!" आणि मट्कन खाली बसून रडली. तीन वर्षांचं सगळं एकदम रडली.

तिकडे पलीकडच्या काठावर आबोली सकाळपासून तापाने बेशुद्ध पडली होती. स्वतःचं नाव आठवेना तिला, आईचं कुठलं आठवणार? आणि तेवढ्यात, उचक्! तिने डोळे किलकिले केले. नवरा म्हणाला, "माझं नाव घे." घेतलं. उचक्! सासूचं घेतलं. उचक्! मग तिने हळूच म्हटलं, "आई." आणि उचकी थांबली.

"होडी काढा," आबोली म्हणाली. "माझ्या आईने माझं नाव घेतलं."

मग काय, मायलेकी धक्क्यावर गळ्यात गळा घालून बसल्या. राणी म्हणाली, "चुकलं गं माझं." आणि तेवढ्यात राणीच्या पोटातून आवाज आला, गुर्रर्र! तीन वर्षांनी पहिल्यांदा पोट स्वतः बोललं. भागी मागून आलीच होती. राणीने कोंड्याची भाकरी घेतली, अर्धी लेकीला दिली, अर्धी खाल्ली, आणि पुन्हा मागितली नाही.

काय रे निनाद? गोड लागली का? नाही रे. कोंड्यासारखीच लागली. पण चव कळली तिला.

पुढे राणीने लाडू सोडले असं नाही हं. दिवाळीत बसून, चारचौघांत खायची. हात उगीच डब्याकडे गेला की आधी विचारायची, पोटा, तुला पाहिजे का, की आणखी कुणाला? कधी विचारायला विसरायची आणि चार करंज्या खाऊन बसायची. माणूसच ती. पण मग होडीत बसून लेकीकडे जायची. आणि बाजारात माळणी पुन्हा घसा फोडून ओरडायला लागल्या, "आबोली घ्या, आबोली!" सगळे सुखात नांदले, तसे आपणही नांदू या.

आता झोपा. काय गं शर्वे, परत उठलीस? भूक? सकाळची भाकरी आहे टोपलीत, देऊ? नको? चकलीच पाहिजे?

मग कुणाची आठवण येते गं? सांग की. मोठ्याने म्हण, इथे कुणी जीभ छाटत नाही.

हं. येईल हो ती परवा. आणि तू आत्ता नाव घेतलंस ना, तिकडे तिला उचकी लागली असेल बघ. पाणी पितापिता तुझंच नाव घेत असेल ती. रड थोडी, पदर आहे माझा. निनाद, तूही ये, उगाच भिंतीकडे तोंड करू नकोस.

आता म्हणा माझ्याबरोबर. भुकेला कोंडा, आणि निजेला? धोंडा! ही माझी मांडी, धोंड्यासारखीच हाडकुळी आहे. ठेवा डोकी.