खरा काटा

"मग यातला खरा काटा कुठला, आक्का?"

मठ सांभाळणाऱ्या गोदाक्का समया घासत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

जयवंत चौगुल्यानं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. घरच्या न्हाणीघरातला काटा एकोणसत्तर दाखवतो. गिरणीच्या दवाखान्यातला अडुसष्टच्याही खाली येतो. औषधाच्या दुकानासमोर नाणं टाकायचं यंत्र आहे, ते थेट सत्तर सांगतं. तिन्ही एकाच दिवशी, एकाच माणसाला. आता विश्वास ठेवायचा तो कुणावर?

"म्हणून इथं आलो," तो म्हणाला. "मठाच्या तराजूत खोट नाही, असं सगळा वारणाकाठ म्हणतो."

खोट नव्हतीच. सभामंडपाच्या तुळईला साखळ्यांनी टांगलेला तो भला थोरला तराजू नवस फेडण्यासाठी होता. कुणाचं पोर दुखण्यातून उठलं की ते एका पारड्यात बसायचं, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा चढायच्या आणि तो गूळ गावभर वाटला जायचा. किलो न् ग्रॅमशी त्या तराजूला काही देणंघेणं नव्हतं.

पण हे जयवंतला सांगणार कोण? तो सूतगिरणीत सुताचा दर्जा तपासणारा साहेब. जे मोजता येतं तेवढंच खरं, असं मानण्यात त्याची उमर गेली होती. लहानपणी आईचं बोट धरून मठात यायचा, साहेब झाल्यावर मठाची वाट विसरला. आज वाट आठवली, कारण जीव टांगणीला लागला होता.

त्याचा नव्हे, धाकट्या भावाचा.

भाऊ तिथंच खांबाला टेकून बसला होता. दिगंबर त्याचं नाव, घरचे दिगू म्हणत. डोळे पिवळे पडलेले, पावलं सुजलेली. त्याचं यकृत पार निकामी झालं होतं. जयवंतच्या यकृताचा तुकडा मिळाला तर तो जगणार होता, एरवी आशा नव्हती.

रक्तगट जुळला, बाकीही सगळं जुळलं. मग डॉक्टरांनी सांगितलं की जयवंतच्याच यकृतावर चरबी आहे, आधी ती उतरवा. बेतानं खा, रोज चाला, हळूहळू उतरेल. उपाशी राहून अशक्त झालेल्या माणसाला आम्ही ऑपरेशनच्या टेबलावर घेत नाही, हेही त्यांनी बजावलं होतं.

उतरवा म्हटलेलं जयवंतनं मनावर घेतलं. पुढचं त्याच्या कानावरून गेलं.

उद्या सकाळी शहरातल्या इस्पितळात तपासणी होती. चरबी उतरली असेल तर शस्त्रक्रियेची तारीख मिळणार होती.

"वजन कधी बघायला सांगितलंय डॉक्टरांनी?" आक्कांनी विचारलं.

"आठवड्यातून एकदा. सकाळी उठल्यावर, काही खायच्या आधी. एकाच काट्यावर."

"आणि तू कधी बघतोस?"

"उठल्यावर," खांबाकडून आवाज आला. "अंघोळीच्या आधी. अंघोळ झाल्यावर. चहा घेतला की. गिरणीतून आला की..."

"दिगू, बोलू नकोस. दम लागतो तुला."

दिगू थांबला. पण त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. काटा खाली आलेला दिसला की साहेबांचा दिवस सोन्याचा. जरा वर सरकला की पुढ्यातलं ताट बाजूला, आणि बायकोनं भाजीत तेल ओतलं म्हणून तिच्यावर आगपाखड. मग काटा एका फरशीवरून उचलायचा, दुसरीवर ठेवायचा, पुन्हा चढायचं. ज्या फरशीवर कमी भरेल ती फरशी खरी. सुताच्या बाबतीत असली लबाडी कुणी केली असती, तर साहेबांनी त्याला गिरणीबाहेर काढला असता.

मागच्या पंधरवड्यात दिगूनं पेरूची एक फोड त्याच्यापुढे धरली होती. "मरायचंय का तुला?" म्हणून जयवंत त्याच्यावर ओरडला. त्यानंतर दोघं भाऊ एका पंक्तीला बसले नव्हते. दिगूचा जीव वाचवायच्या खटपटीत दिगूजवळ घटकाभर बसायला त्याला सवड उरली नव्हती. वाईट एवढंच, की हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

आक्कांनी राखेचे हात धुतले, पदराला पुसले.

"बस पारड्यात."

जयवंतनं चपला आधीच काढल्या होत्या. आता घड्याळ काढलं, पट्टा काढला, खिशातल्या किल्ल्या काढल्या. जरा विचार करून सदराही उतरवला आणि खुंटीला अडकवला.

सदरा अडकवून वळताना त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. साखळी हाती लागली म्हणून सावरला. कुणाला दिसलं नाही, अशी त्याची समजूत होती. दोघांनाही दिसलं होतं.

तो पारड्यात मांडी घालून बसला. पारडं खाली गेलं आणि फरशीला टेकलं.

"एक ढेप केवढ्याची असते, आक्का? म्हणजे मला हिशेब लावता येईल."

आक्का गुळाच्या खोलीकडे गेल्या नाहीत. त्या दिगूपाशी गेल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"ऊठ, बाळा. तू बस पलीकडं."

"त्याला कशाला?" जयवंत चमकला. "तो आजारी आहे. त्याचं वजन करून काय करायचंय?"

आक्कांनी दिगूला काखेत धरून हळूहळू चालवत आणलं. दोन पावलांवर तो थांबला, धापा टाकल्या, पुन्हा चालला. दुसरं पारडं वर गेलेलं होतं. आक्कांनी जयवंतला जरा उतरायला लावलं, ते साखळीला धरून खाली ओढलं, दिगूला त्यात बसवलं आणि जयवंतला पुन्हा चढायला सांगितलं.

मग त्यांनी हात सोडला.

तुळई करकरली. दांडी डावीकडे झुकली, उजवीकडे आली, आणि सावकाश ठरली. दिगूचं पारडं फरशीवर होतं. जयवंतचं वर उचललं गेलं होतं आणि तो अधांतरी बसला होता.

जयवंतला आनंद झाला.

लपवता येण्यासारखा नव्हताच तो. जन्मभर घरात जयवंत बुटका आणि गोलमटोल, दिगू उंच आणि काडीसारखा. कापडाच्या दुकानात, लग्नाच्या फोटोत, सगळीकडे त्यावरून हशा व्हायचा. आणि आज...

"दिगूपेक्षा हलका," तो पुटपुटला. "बघितलंत ना, आक्का?"

"बघितलं."

आक्का दोन्ही पारड्यांच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"आता त्या काट्यालाच विचार. दोघांतला धडधाकट कोण?"

...

जयवंतनं पलीकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी त्यानं भावाकडे नीट पाहिलं.

दिगूचे दंड दोन बोटांत मावतील एवढे झाले होते. गळ्याची हाडं वर आली होती. आणि पोट मात्र तट्ट फुगलेलं, सदऱ्याची बटणं ताणून धरणारं. त्यात पाणी साठत होतं. इस्पितळात काढत, पुन्हा साठे. मागच्या खेपेला नर्सनं दिगूला काट्यावर उभं केलं होतं, वाढलेला आकडा पाहून तिचा चेहरा पडला होता, आणि जयवंत शेजारीच होता. आपली पाळी कधी येते, याची वाट बघत.

माणूस आतून संपत चालला होता, आणि काट्यावर वाढत होता.

जयवंतला स्वतःची लाज वाटली. इतकी, की पारड्यातून उडी टाकून नदीकडे पळत सुटावं. पण पायांत तेवढं त्राण नव्हतं.

आक्का आत गेल्या आणि तांब्या घेऊन आल्या.

"पी."

"नको, आक्का. उद्या तपासणी..."

"पाणी कधी प्यायलास शेवटचं?"

त्याच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. त्यानं त्यांवरून जीभ फिरवली. जीभही कोरडीच होती.

"काल दुपारी," तो म्हणाला.

आक्कांनी तांब्या तसाच धरून ठेवला. जयवंत तांब्याकडे बघत होता, आणि त्यातलं पाणी वजनाला किती भरेल याचा अंदाज त्याच्या मनात आपोआप होत होता. थांबवावा म्हटलं तरी थांबत नव्हता. त्याला आता स्वतःचीच भीती वाटायला लागली.

"दादा."

दिगू अगदी हळू बोलत होता. मध्ये श्वासासाठी थांबत होता.

"तू तिथं चक्कर येऊन पडलास, तर ते तुला घरी पाठवतील. तुझ्यामागं मलाही... मला तुझ्या वजनाचं काही वाटत नाही रे. तुझ्याकडं बघून भीती वाटते. रात्री न्हाणीघरातला दिवा लागला, की मी जागा होतो आणि तू बाहेर येईपर्यंत कान देऊन पडून राहतो."

...

जयवंतनं तांब्या घेतला.

पहिला घोट घशातच अडकला. दुसरा उतरला. मग तो थांबलाच नाही. पाणी हनुवटीवरून छातीवर ओघळलं, पोटावर आलं. त्यानं तांब्या रिकामा करून खाली धरला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते पुसायचं त्याला सुचलं नाही.

मठात नदीवरचा वारा येत होता.

आणि मग... इतक्या दिवसांची सवय, ती काय एका तांब्यानं सुटते? जयवंतची नजर वर गेली. दांडीच्या मध्यावर तो लोखंडी काटा होता. तो हलला का, किती हलला, हे तो डोळे बारीक करून बघू लागला.

"आता किती वाढलं असेल, आक्का?"

पलीकडे दिगू साखळीला धरून उठू बघत होता. अर्धा उठला, पोटाच्या भारानं पुन्हा पारड्यात बसला. परत एकदा साखळी धरली, परत बसला. कुणाला त्रास नको म्हणून तो मुकाट्यानं हसला.

आक्कांनी जयवंतच्या हातातला तांब्या काढून घेतला.

"खाली उतर, जयवंता," त्या म्हणाल्या. "त्याला एकट्याला उठता येत नाही."