कांद्यांनी पाच दिवसांत सांगितलं

“मग, माझे कांदे काय म्हणाले?”

गावाबाहेरच्या तकियात राहणारे फकीर हैदरशाबाबा. त्यांनी विचारलं आणि पाहुणीपुढे पाण्याचा पेला ठेवला. दीड वर्षापूर्वी याच बाई, डॉ. मृणालिनी भोगले, इथल्या विहिरीचं पाणी तपासायला घेऊन गेल्या होत्या. बाबांनी वाफ्यातले पाच कांदेही कौतुकानं दिले होते.

बाईंनी पिशवीतून छापील शोधनिबंध काढला. परदेशी मासिकात नाव आलेलं, थट्टा आहे का! आनंद पोटात मावत नव्हता.

“कांदे या पाण्यावर ठेवले, बाबा. मुळं फुटली, पण खुरटी. टोकं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. एका पेशीच्या दोन होतात, तेव्हा आतल्या गुणसूत्रांची सारखी वाटणी व्हावी लागते. कांद्याला कांदा करणारे धागेच ते. तेच तुटले होते. काही तुकडे तर दोन्ही पेशींच्या मधेच राहिले.”

“मधेच... कुणाचेच नाहीत?”

“कुणाचेच नाहीत. वरच्या, धातूवर मुलामा चढवणाऱ्या कारखान्यातलं क्रोमियम, कॅडमियम असं विष विहिरीत झिरपतंय. हे पाणी आजपासून बंद करा.”



“किती दिवसांत कळलं?”

“पाच.”

“आणि आलीस दीड वर्षानं...”

“छापून येईपर्यंत बोलायचं नसतं, बाबा. कुणी आयतं उचललं तर? आमच्यात रीतच आहे तशी.”

बाबांचे डोळे भरून आले.

“येईल त्याला मी हे पाणी रोज ओंजळी भरभरून दिलं, बेटी. दुवा म्हणून दिलं.”

त्यांनी समोरचा पेला उचलला. तो तसाच भरलेला होता.

“त्याही दिवशी तू प्यायली नव्हतीस.”

पेला त्यांनी मातीत ओतला. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अहो, होणारच! पाण्याची बाटली त्या दोन्ही वेळा घरूनच घेऊन आल्या होत्या.

तेवढ्यात वस्तीवरची सोजर कळशी घेऊन आली. सातवा महिना होता तिला. बाबांना सलाम करून ती विहिरीकडे वळली, दोर हातात घेतला.

मृणालिनीबाई धडपडत उठल्या. तिच्याजवळ गेल्या. हातातला निबंधच त्यांनी तिच्यापुढे धरला.

सोजरनं पदराला हात पुसले. एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा बाबांकडे.

बाबा म्हणाले, “बेटी, तिला वाचता येत नाही.”