तळ्यातली पोत

गाव कुठलंही धरा, गोष्ट तीच. गावाच्या टोकाला गेनबा माळी आणि त्याची बायको अनसूया राहत. मोगऱ्याची आणि शेवंतीची त्यांची बाग होती. बागेच्या मधोमध दगडांनी बांधलेलं एक छोटं तळं होतं. विहिरीचं पाणी त्यात साठवायचं आणि तिथून वाफ्यांना द्यायचं. बागेच्या कुंपणाला लागूनच सगुणाचं घर. सगुणा आणि अनसूया लग्न होऊन एकाच वर्षी त्या गावात आल्या. दोघींच्या चुली वेगळ्या, पण कालवणाची वाटी रोज इकडून तिकडे जायची. एकीचं डोकं दुखलं तर दुसरी न बोलावता तिचे कपडे धुऊन टाकायची.

थंडीच्या दिवसांत सगुणाचा नवरा गेला. त्या गावची रीत अशी, की नवरा गेला की बाईच्या गळ्यातली काळ्या मण्यांची पोत तोडायची आणि तिनं ती स्वतःच्या हातानं नदीत सोडायची. सगुणाचा हात थरथरत होता. अनसूया तिच्याबरोबर गुडघाभर पाण्यात उतरली, तिचा हात धरला, आणि पोत वाहत दिसेनाशी होईपर्यंत सोडला नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण अनसूया नेमकं हेच विसरली.

पावसाळ्याच्या तोंडाला गेनबाला ताप भरला, तो काही उतरेना. वैद्यानं काढा दिला आणि बजावलं, की याला घोटघोट पाणी पाजत राहा, एकटं सोडू नका. मग दोघी पाळीपाळीनं त्याच्या उशाशी बसू लागल्या. अनसूया बागेत गेली की सगुणा चमच्यानं त्याच्या तोंडात पाणी घालायची. गेनबा तगून होता तो या दोघींच्या जागरणावर. पण अनसूयाचा जीव टांगणीला लागला होता. हा गेला तर माझं कसं होणार, एवढी एकच गोष्ट तिच्या डोक्यात फिरत असे. तिला जेवण गोड लागेना आणि झोप तर येईचना.

एका सकाळी ती तळ्यावर पाणी आणायला गेली. वाकली, आणि घागर हातातून सुटली. तळ्याच्या काठच्या गवताला वेढे देत पाण्यात एक लांबलचक दोरा पडला होता. त्यात ओळीनं काळे मणी ओवलेले होते.

नदीला सोडलेली पोत माझ्या तळ्यात कशी? गावातल्या बायका कुजबुजत असत, की विधवेची पोत सवाष्णीच्या पाण्यात टाकली की त्या घरातलाही धनी जातो. अनसूया अशा बोलण्याला एरवी हसायची. आज तिला हसू कुठून येणार? आत नवरा तापानं फणफणला होता आणि समोर पाण्यात पोत होती. गावात नुकती विधवा झालेली बाई एकच होती, आणि तिचं घर कुंपणापलीकडे होतं.

तिची आरडाओरड ऐकून बायका जमल्या. एक म्हणाली, सापाची अंडी असतील. दुसरी म्हणाली, साप काय दोऱ्यात ओवून अंडी घालतो? तिसरीला ती माशाची वाटली. शेवटी गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या ठकूआजीनं डोळे बारीक केले आणि ही पोतच आहे असं सांगून टाकलं. झालं! तेच खरं ठरलं. एवढ्या शहाण्या बायका काठावर उभ्या होत्या, पण एकीनंही पाण्यात बोट बुडवलं नाही.

गलका ऐकून सगुणा गेनबाच्या उशाशी होती ती उठून बाहेर आली. अनसूयानं तिला काय झालं ते विचारूही दिलं नाही.

"तुझा गेला, आता माझा न्यायला निघालीस?"

सगुणा तळ्याशी वाकली आणि तो दोरा उचलायला तिनं हात पुढे केला. अनसूयानं तिचा दंड धरून तिला मागे खेचलं. माझ्या पाण्याला हात लावू नकोस, म्हणाली.

"मग तू लाव," सगुणा म्हणाली. "मण्याला भोक असतं, अनसूया. एक उचलून बघ. मग मला काय बोलायचं ते बोल."

अनसूयानं तोंड फिरवलं. सगुणा आत गेली, पाण्याचं भांडं तिनं गेनबाच्या उशाशी सरकवून ठेवलं, आणि कुणाकडे न बघता निघून गेली. दुपारपर्यंत तिच्या दाराला बाहेरून कडी लागली होती आणि ती माहेरच्या वाटेला लागली होती. तिला थांब असं म्हणायला एक माणूस पुढे आलं नाही.

मग अनसूया कामाला लागली. काठीनं तिनं तो दोरा बाहेर ओढला आणि दूर काट्यांत फेकून दिला. तळ्यात चुना ओतला. देवऋषीला बोलावलं, त्यानं सांगितलेला नारळ फोडला, लिंबं कापली, बागेला फेऱ्या घातल्या. नवऱ्याला वाचवायचं म्हणून ती दिवसभर राबली, आणि नवरा आत पाणी मागत होता. संध्याकाळी ती घरात आली तेव्हा भांडं भरलेलंच होतं आणि गेनबाचे ओठ फुटले होते. दुसऱ्या दिवशी उजाडताना तो गेला.

रीतीप्रमाणे अनसूयाची पोत तुटली. बायका तिला नदीपर्यंत घेऊन गेल्या आणि काठावरच थांबल्या. गुडघाभर पाण्यात ती एकटीच उतरली. तिचा हात थरथरत होता. तो धरायला कुणी आलं नाही, आणि तेव्हा तिला ती थंडीतली सकाळ आठवली.

वर्ष फिरून आलं. पावसाळा लागला आणि तळ्यातल्या गवताला पुन्हा तसाच काळ्या मण्यांचा दोरा दिसला. आता सगुणा गावात नव्हती. गेनबा नव्हता. भिण्यासारखं अनसूयाकडे काही उरलंच नव्हतं. तिनं सरळ पाण्यात हात घातला.

मणी भिजलेल्या साबुदाण्यासारखे मऊ होते. बोटांतून सुळकन निसटत होते. तिनं एक चिमटीत धरून उजेडात फिरवून फिरवून पाहिला. त्याला भोक नव्हतं. थोड्याच दिवसांत त्या मण्यांना शेपट्या फुटल्या आणि ते पोहायला लागले. खरखरीत पाठीचा जो बेडूक मोगऱ्याच्या बुंध्याशी बसून किडे खायचा, जो ती लग्न होऊन आल्यापासून बघत होती, त्याचीच ती अंडी होती.

अनसूया तशीच उठली आणि सगुणाच्या माहेरी गेली. दारात तिची भावजय उभी होती. सगुणा आली होती, असं भावजयीनं खाली मान घालून सांगितलं. पण तुमच्या गावचं बोलणं तिच्या आधीच इथं येऊन पोचलं होतं, ती म्हणाली. कुणी तिला पाणवठ्यावर उभं राहू देईना, आणि आम्हीही काही बोललो नाही. मग एक दिवस ती निघून गेली.

"कुठं गेली?"

"आम्ही विचारलं नाही," भावजय म्हणाली.

अनसूयानं आसपासची सगळी गावं पालथी घातली. सगुणा सापडली नाही. अजूनही दर पावसाळ्यात तळ्यात काळे मणी दिसतात. अनसूया काठाशी बसून एक मणी उचलते, उजेडात धरते आणि म्हणते, "नाही गं सगुणा, भोक नाही." ऐकायला तिथं कुणी नसतं.

तात्पर्य: न ओळखलेली वस्तू आधी हातात घेऊन बघावी, मग माणसावर आळ घ्यावा. वस्तू काय होती ते उशिरानंही कळतं, पण आळ घेऊन घालवलेलं माणूस परत मिळत नाही.