भल्या माणसाचे निरोप

एका बेटावर एकदा एक सुभेदार कारभार पाहत असे. राज्य अर्थातच त्याचे नव्हे, दूर समुद्रापलीकडच्या राजाचे. राजाला त्याने कधी पाहिले नव्हते. पण निष्ठा अशी, की नुसते नाव निघाले तरी स्वारी बसल्या जागेवरून उठून उभी राही. जन्म मात्र बेटावरचाच, कोळ्यांच्या पोरांत खेळून वाढलेला. माणूस खरोखर भला होता, हे आधीच सांगून टाकतो.

त्या वर्षी हुकूम आला, की मासळी फक्त राजाच्या जहाजांना विकावी. न ऐकणाऱ्यांच्या होड्या जप्त कराव्यात. बेटावर संताप उसळला. जप्ती उद्यावर आली, तेव्हा सुभेदाराने आपल्या वृद्ध गुरुजींचे घर गाठले.

"गुरुजी, डोकं चालेनासं झालंय. राजा म्हणतो, लोक माजलेत. लोक म्हणतात, राजा दुष्ट आहे. मी तर दोघांचंही भलंच चिंतलं. मग हे असं का झालं?"

गुरुजी म्हणाले, "आधी जेवू. आत माझा शिष्य पेज करतोय. त्याला सांग, कालची पेज इतकी खारट होती की घशाखाली उतरली नाही. आज मीठ घालूच नकोस."

आता हा काय प्रसंग, आणि यांना पेज सुचते! गोंधळलेला सुभेदार आत गेला. शिष्य पन्नाशीचा, धुराने डोळे लाल झालेले. त्याला दुखवणे जिवावर आले. "कालची पेज आवडली हो गुरुजींना. मीठ तेवढं बेतानं घाला."

शिष्य म्हणाला, "त्यांना सांगा, तांदूळ संपलाय. मूठभर कण्या आहेत, एकालाच पुरतील. पाहुण्यांना थांबवू नका."

सुभेदार बाहेर येऊन म्हणाला, "होतच आलंय म्हणतात."

ऊन डोक्यावर आले. अखेर एकच वाडगा आला, तोही खारट. गुरुजींनी एक घोट घेऊन तो खाली ठेवला. "अरे, सांगूनसुद्धा?"

"तुम्हाला आवडली म्हणालात ना!" शिष्य तडकला. "आणि तांदूळ नाही हे कळवूनही पाहुण्यांना बसवून ठेवलंत?"

दोघेही सुभेदाराकडे पाहू लागले. तो गोरामोरा झाला. "मला वाटलं, उगाच कशाला कोणाचं मन दुखवा..."

"राजाला लोकांबद्दल काय लिहिलंस?" गुरुजींनी विचारले.

"थोडी नाराजी आहे, निवळेल."

"आणि लोकांना काय सांगितलंस?"

"राजा दयाळू आहे, हुकूम मागे घेईल."

"बाळा, तुझ्या मनात कपट नाही. पण मध्ये तू उभा राहिलास आणि खरं कोणाकडेच पोचलं नाही. राजाला वाटतं, थोडीशीच नाराजी असून हुकूम मोडतात, म्हणजे माजलेत. लोकांना वाटतं, दयाळू असून ऐकत नाही, म्हणजे मुद्दाम छळतो. कटू बोलण्याचं धैर्य नसेल, तर निष्ठा कोणाच्याच कामी येत नाही."

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर लोक काठ्या घेऊन जमले. सुभेदाराने शिपायांना परत पाठवले आणि राजाला धाडलेल्या पत्रांच्या नकला मोठ्याने वाचल्या. मग त्याचा लहानपणीचा सवंगडी, कोळ्यांचा म्होरक्या, पुढे आला.

"म्हणजे आमचं म्हणणं राजाला कधी कळलंच नाही?"

"नाही. मी कळवलंच नाही."

काठ्या हातात तशाच राहिल्या. त्या राजावर उगाराव्यात की या भल्या माणसावर, हे कोणालाच उमगेना. सुभेदार समोर उभा होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो कोणाची समजूत घालत नव्हता.