घासणारे चाक आणि भेकराची हाक

घाटमाथ्यावरच्या एका जंगलात एक भेकर पिकअप चालवत असे. उन्हाळ्यात माथ्यावरचे पाणवठे आटले, की रोज सकाळी सगळ्यांची पिल्ले गाडीत भरायची आणि घाट उतरून खालच्या तळ्यावर न्यायची, हे त्याचे काम. भेकर म्हणजे जात्याच भित्रा जीव. कुठे जरा खुट्ट झाले की "भॉक्!" करून ओरडायचे, हा त्याच्या घराण्याचा रिवाजच. पण मुलांनो, सारखे हसू होऊ लागले की कोणालाही आपल्या रीतीची लाज वाटू लागते. आपल्या भेकराचेही तसेच झाले. गाडी हाती आल्यापासून त्याने ओरडणे पार सोडून दिले होते.

घाटातले दगड गाडीच्या पोटाला लागत. भेकराच्या शेजारी एक कोल्हा राहायचा. गाडीतले त्याला काडीचे कळत नसे, सल्ला मात्र सदा तयार. तो म्हणाला, "अरे भेकरा, गाडी वीतभर उचलून घे आणि चांगली थोरली चाकं बसव. मग बघ कसा रुबाब येतो!" भेकराने तसे केले. माथ्यावरच्या सपाट रस्त्यावर रिकामी गाडी पळवून पाहिली, तर ती अगदी झोकात चालली. भरलेली गाडी वळणावर कशी चालते, हे मात्र कोणी पाहिलेच नाही.

दुसऱ्या दिवशी पिल्ले भरून घाटाला लागल्यावर, पहिल्याच अवघड वळणावर पुढच्या चाकापाशी आवाज आला, "खर्रर्र!"

"कोल्हेदादा, चाक कुठंतरी घासतंय का हो?"

कोल्हा शेजारच्या सीटवर पाय पसरून बसला होता. तो म्हणाला, "नवं टायर आहे रे! घासून घासून आपली जागा करून घेईल. लगेच टरकलास का?"

मागे पिल्ले खिदळली. भेकर ओशाळले आणि गाडी पुढे हाकू लागले.

मग रोज तेच. सरळ रस्त्यावर काही नाही, आणि वळण आले की खर्रर्र! गाडी थांबवून चाकाखाली वाकून बघावे, असे त्याला हजारदा वाटे. पण थांबलो तर सगळे हसतील, या धाकाने ते जीव मुठीत धरून गाडी हाकत राही.

पाचव्या दिवशी घाटाच्या निम्म्यात आवाजाबरोबर जळक्या रबराचा वासही येऊ लागला. स्टिअरिंग हातात थरथरायला लागले. पुढे शेवटचे वळण होते, सगळ्यांत अवघड. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि दरीच्या काठाला कठडा म्हणून नाही. भेकराने आरशात पाहिले. कोल्ह्याची तिन्ही पिल्ले गाडीच्या कडेच्या फळीवरून वाकून दरीत खडे टाकत होती. लाज, हसू, सगळे ते विसरले. त्याने करकचून ब्रेक दाबला आणि आजवर दाबून ठेवलेला आवाज घाटभर घुमला, "भॉक्! भॉक्! भॉक्!"

"झालं! उसळली जुनी खोड!" कोल्हा कुत्सितपणे हसला. "भर घाटात गाडी उभी केलीस? चल, घे पुढे!"

"मी नाही नेणार," भेकर म्हणाले. "मला भीती वाटतेय, दादा. हसायचं तर हसा. पण मी नाही नेणार."

तेवढ्यात त्याची हाक ऐकून कड्याच्या कपारीतून एक घोरपड सरसरत खाली आली. घाटातल्या गाड्या दुरुस्त करणे हाच तिचा धंदा. तिने आधी चारही चाकांना दगड लावायला सांगितले आणि मग ती गाडीखाली शिरली.

"भेकरा, चाक पुरतं वळव बरं," ती खालून ओरडली. चाक वळले, खर्रर्र झाले, आणि घोरपड म्हणाली, "आता थांब. कोल्होबा, तुम्ही इकडे या. चाकाच्या आतल्या अंगाला पंजा लावून बघा."

कोल्ह्याने नाक मुरडतच पंजा आत घातला. बाहेरून टायर कोरे करकरीत दिसत होते. आत मात्र सस्पेन्शनच्या, म्हणजे चाकाला आधार देणाऱ्या, लोखंडी दांड्याने त्याचे रबर सोलून काढले होते. पंजाला टायरच्या आतले नुसते दोरे लागले. कोल्ह्याचे हसू कुठल्या कुठे पळाले.

"अजून एकदा पुरतं वळवलं असतं, तर फुटलंच असतं," घोरपड म्हणाली. "गाडी उंच केलीत, ते ठीक आहे. पण चाक एक माप लहान घ्या, दोन बोटं बाहेर सरकवून बसवा, आणि स्टिअरिंग गरजेपेक्षा जास्त वळणार नाही असा अडसर लावा. मग भरल्या गाडीनिशी वळवून बघा. तोवर गाडी हलवायची नाही. पोरांना पायी न्या."

कोल्हा मुकाट्याने मागे गेला आणि एकेक पिल्लू खाली उतरवू लागला. त्याचे शेंडेफळ मात्र फळीला घट्ट धरून बसले.

"बाबा, उतरायचं कशाला? आता एकच तर वळण राहिलंय!"

कोल्ह्याने त्या वळणाकडे पाहिले, खालच्या दरीकडे पाहिले. मग त्याने पिल्लाला उचलून पोटाशी धरले.

तात्पर्य : लोक हसतील म्हणून मनातली भीती दडपू नये. ती वेळीच बोलून दाखवावी आणि तिचे कारण स्वतः वाकून पाहावे.